लाल आकड्यांकडे आधी बघा

मागच्या अंकात विजेच्या बिलाबद्दल लिहिलं, तेव्हा गॅसच्या शंकाही पाठवा म्हणून सुचवलं होतं. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली पाच इथे घेतली आहेत. ज्यांनी मीटरचे आणि बिलांचे फोटो जोडले, त्यांची पत्रं आधी घेतली, कारण फोटो असला की अंदाजाने बोलावं लागत नाही. मी एकतीस वर्षं नागपुरात शाळेत विज्ञान शिकवलं. मोजमाप चुकलं तर ते कुठे चुकलं हे शोधल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही.

ताई, आमच्या घरी पाइपाचा गॅस येऊन दीड वर्ष झालं. आम्ही चौघं. दोन महिन्यांचं बिल २४ युनिटांच्या आसपास यायचं. ह्या खेपेला एकदम ६३ युनिट आले. ना पाहुणे, ना लग्नकार्य. मुलगा म्हणतो मीटर जोरात पळतो, बदलून घ्या. काय करावं काही समजून नाही राहिलं.
— एक वाचक, मनीषनगर

तुम्ही तीन बिलांचे आणि मीटरचा एक असे चार फोटो पाठवलेत. त्यासाठी तुमचे आभार, सगळं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या बिलात मागील रीडिंग १८६ आणि चालू २१० आहे, म्हणजे २४ युनिट. ठीक. दुसऱ्या बिलात मागील २१० आणि चालू २२२, म्हणजे फक्त १२. हे बिल कमी आलं म्हणून तुम्ही तेव्हा खूश झाला असाल, पण त्यावर रीडिंगच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘अंदाजे’ लिहिलंय. रीडिंग घेणारा माणूस आला तेव्हा घराला कुलूप असणार. म्हणजे तुम्ही जाळलेले जवळपास १२ युनिट त्या बिलात आलेच नाहीत. ते कधी ना कधी येणारच होते.

आता तिसरं बिल. मागील २२२, चालू २८५, वापर ६३. आणि बिलातल्या रीडिंगच्या तारखेनंतर बारा दिवसांनी तुम्ही काढलेल्या फोटोत मीटरवर काळे आकडे आहेत ००२६२ आणि लाल आकडे ७९०. म्हणजे २६२.७९. बारा दिवसांपूर्वी २८५ असलेला मीटर आज २६२ दाखवतोय. मीटर काही उलटा फिरत नाही, तेव्हा लिहून घेणाऱ्याचा आकडा चुकलाय. माझ्या हिशेबाने त्या दिवशी मीटरवर २५८ असणार, आणि लिहिताना ५ आणि ८ ची अदलाबदल झाली. पडताळा बघा: २५८ मधून २१० वजा केले की ४८ येतात, चार महिन्यांचे. दोन महिन्यांना २४. तुमचा नेहमीचा वापर. आणि २५८ पासून बारा दिवसांत पावणेपाच युनिट, तेही त्याच चालीचे.

म्हणून तुमच्या ह्या बिलात ६३ नाही, ३६ युनिट हवेत. २७ युनिट जास्तीचे आहेत. हिशेबापुरता दर युनिटला ५० रुपये धरला तरी १,३५० रुपये होतात. मात्र २४ युनिटांचंच बिल द्या असा आग्रह धरू नका. आधीचे राहिलेले १२ तुमचेच आहेत.

मीटर बदलण्याचा अर्ज सध्या करू नका. घरगुती गॅसमीटरमध्ये पातळ पडदे असलेले कप्पे असतात, ते आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, आणि तेवढ्या घनफळाची मोजणी पुढे सरकते. नव्या चांगल्या मीटरला नेहमीच्या वापरात साधारण दीड टक्क्याची चूक चालते. जुना झाल्यावर त्याच्या दुप्पट धरा. २४ युनिटांवर तीन टक्के म्हणजे पाऊण युनिटही नाही. बिल अडीचपट झालं की मी आधी आकडे तपासते, मग मीटर क्रमांक, मग गळती, आणि मीटरवर संशय सगळ्यात शेवटी घेते.

तक्रार लेखी करा, फोनवर नको. चारच ओळी पुरतात: ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, ‘अमुक तारखेच्या बिलात चालू रीडिंग २८५ दाखवले आहे, अमुक तारखेला मीटरवर २६२.७९० आहे, फोटो जोडला आहे, सुधारित बिल द्यावे.’ फोटो असा काढा की आकडे आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकाच चित्रात येतील. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि बिलावरच लिहून ठेवा. देय तारीख आली आणि सुधारित बिल आलं नाही, तर ३६ युनिटांपुरती रक्कम स्वीकारतील का ते लेखी विचारा. नाहीच म्हटलं तर ‘तक्रार कायम ठेवून भरत आहे’ असं कळवून भरा. उशिराच्या दंडाची वेगळी भांडणं मागे लागायला नकोत.

मीटर खरंच जास्त मोजतो का, हे घरच्या घरी तपासता येईल का? माझं वय ७१. मी रोज वहीत रीडिंग लिहितो, पण त्यावरून मीटर बरोबर की चूक हे कसं कळणार?
— एक निवृत्त वाचक, त्रिमूर्तीनगर

काका, रोज लिहिता हे वाचूनच मला बरं वाटलं. तपासता येतं, आणि दोन प्रयोग पुरतात.

पहिला रात्रीचा. झोपण्याआधी शेगडीची सगळी बटणं बंद करा. मीटरजवळचा मुख्य व्हॉल्व मात्र उघडाच ठेवा, नाहीतर प्रयोगाला अर्थ राहणार नाही. लाल आकड्यांसकट फोटो काढा. सकाळचा चहा ठेवण्याआधी पुन्हा फोटो काढा. दोन्ही फोटोंत शेवटच्या लाल आकड्यापर्यंत सगळं सारखं हवं. आकडा सरकला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गॅस गळतोय. मग मीटरचा विचार सोडा, मुख्य व्हॉल्व बंद करा आणि कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे दिसतात का ते बघता येतं. काडी पेटवून बघणारे लोक मी पाहिलेत. तसं कुणीही, कधीही करू नका. वास येत असेल तर दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं.

दुसरा प्रयोग पाण्याचा. एका गंजात मोजून दोन लिटर पाणी घ्या, झाकण ठेवा. मीटरचे तीन लाल आकडे लिहा. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. म्हणून लाल आकडे सरळ लिटर सांगतात. मधला बर्नर पेटवा, पाण्याला पूर्ण उकळी आली की बंद करा, पुन्हा आकडे लिहा. मी हे केलं तेव्हा पाणी ३० अंशांचं होतं. मीटर ४१२.३६६ वरून ४१२.३९५ वर गेला, म्हणजे २९ लिटर.

हा आकडा योग्य की नाही ते असं काढायचं. दोन लिटर पाणी ३० वरून ९९ अंशांवर न्यायला १३८ किलोकॅलरी लागतात. (आपलं शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभराच्या किंचित आधी उकळतं.) शेगडीची निम्मी-अर्धी उष्णता भांड्याबाहेरच जाते, म्हणून प्रत्यक्षात २३० ते २८० लागतात. पाइपाच्या गॅसच्या एका घनमीटरमधून साडेआठ ते नऊ हजार किलोकॅलरी मिळतात. भागाकार केला की २५ ते ३३ लिटर येतात. तुमचं उत्तर ह्या हद्दीत आलं तर मीटरवर शंका घेऊ नका. बर्नर काजळला असेल, ज्योत पिवळी असेल, तर ४० सुद्धा येईल, आणि तो दोष शेगडीचा. तीन वेगवेगळ्या दिवशी ६० च्या पुढेच आला, तर मीटर तपासणीचा अर्ज करा. अर्ज करताना तपासणीची फी किती आणि मीटर सदोष निघाला तर ती परत मिळते का, हे आधी विचारून घ्या. आणि मीटरच्या सीलला आपण हात लावायचा नाही. सील तुटलं की खरी तक्रारही खोटी ठरते.

हा प्रयोग मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या इमारतीत दोन घरांचे मीटर मजल्यावरच्या डक्टमध्ये शेजारी-शेजारी आहेत. मी एकटी राहते. सकाळी चहा, एक भाजी, दोन पोळ्या. तरी चार बिलं लागोपाठ मोठी आली. मी समजले की पाइपाचा गॅसच महाग, आणि निमूट भरत राहिले. पुढे भाची राहायला आली, तेव्हा पाण्याचा प्रयोग करायचं ठरवलं. ती स्वयंपाकघरात, मी दार उघडं ठेवून डक्टसमोर. ‘सुरू कर गं’ म्हणून हाक मारली. माझ्या बिलावर ज्या मीटरचा क्रमांक होता, त्याचा लाल आकडा जागचा हलला नाही. शेजारचा फिरत होता.

जोडणी करताना दोन खात्यांचे मीटर क्रमांक अदलाबदल होऊन नोंदले गेले होते. समोरच्या घरातल्या बाई चाळीस डबे करतात. त्यांच्या गॅसचे पैसे मी भरत होते आणि त्या माझ्या चहाचे. दुरुस्ती व्हायला दीड महिना लागला, तीन अर्ज लागले. माझे पैसे पुढच्या बिलांतून वळते झाले, पण समोरच्या घरावर एकदम मोठी थकबाकी आली, आणि त्यात त्या बाईंचा काहीच दोष नव्हता. आम्ही दोघी मिळून गॅस कंपनीच्या कार्यालयात गेलो आणि त्यांना हप्ते बांधून मागितले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की नवीन जोडणी मिळाली की पहिल्याच आठवड्यात, आपला बर्नर पेटवल्यावर आपल्याच क्रमांकाचा मीटर फिरतो ना, एवढं पाहून घ्या. काका, तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर मीटर क्रमांक लिहिलाय का?

मी आमच्या २४ घरांच्या सोसायटीचा कोषाध्यक्ष आहे. खाली सिलिंडरची गॅस बँक आहे, तिथून पाइपाने घरोघरी एलपीजी जातो आणि प्रत्येकाला मीटर आहे. जोडणी करून देणाऱ्याने मीटरच्या घनमीटरला २.६ ने गुणून किलो काढायला सांगितलं. लोक म्हणतात बिल जास्त येतं. मी फसवतो असा काहींचा समज झालाय. कृपया मार्ग सांगा.
— एक वाचक, बेसा

भाऊ, ह्या सेवेसाठी तुम्हाला कुणी पगार देत नाही आणि वर संशय घेतात, ह्याचं मला वाईट वाटतं. तुमचा हेतू स्वच्छ आहे, गुणक मात्र चुकलाय. तुम्ही पाठवलेल्या हिशेबातच ते दिसतं.

त्या महिन्यात ४७.५ किलोचे ९ सिलिंडर लागले. म्हणजे ४२७.५ किलो गॅस आला. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी चालू बाजूचे सिलिंडर नुकतेच बदललेले होते, तेव्हा शिल्लक दोन्ही वेळी सारखी. चोवीस मीटरच्या वापराची बेरीज १९१ घनमीटर. तुम्ही त्याला २.६ ने गुणलंत आणि ४९६.६ किलोची बिलं वाटलीत. जो गॅस आलाच नाही त्या ६९ किलोंचे पैसे लोकांकडून घेतले गेले, शेकडा १६ जास्त. खरा गुणक ४२७.५ भागिले १९१, म्हणजे २.२४.

२.६ आला कुठून? एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. घरातल्या शेगडीच्या कमी दाबावर त्याच्या एका घनमीटरचं वजन दोन ते सव्वादोन किलो भरतं. मीटर जर रेग्युलेटरच्या आधी, जास्त दाबाच्या पाइपावर बसवला असेल, तर तेवढ्याच घनमीटरमध्ये जास्त किलो मावतात आणि गुणक वाढतो. दुसऱ्या एखाद्या इमारतीचा आकडा तुमच्याकडे उचलून दिला गेला असावा.

शिवाय आपल्याकडचं ऊन. तापमान तीन अंशांनी वाढलं की गॅस सुमारे एक टक्का फुगतो. जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि मेच्या दुपारी डक्टमध्ये ४२ अंश. तेवढाच किलो गॅस मेमध्ये मीटरला नऊ टक्के जास्त घनमीटर दिसतो. तेव्हा वर्षभर एकच गुणक चालवणं बरोबर नाही. दर महिन्याला आलेले किलो भागिले एकूण घनमीटर करा, तोच त्या महिन्याचा गुणक. सूचना फलकावर सिलिंडरच्या पावत्या, चोवीस रीडिंग आणि हा एक भागाकार लावा. परत जाणारे सिलिंडर वजन करून पाठवा. हिवाळ्यात थंडीने गॅसचा दाब उतरतो आणि तळाशी काही किलो तसेच राहतात. ते वजा न करता हिशेब केला, तर न जाळलेल्या गॅसचे पैसेही रहिवाशांवरच पडतात.

जास्तीचे पैसे परत करताना मागच्या महिन्यांचा हिशेबही ह्याच पद्धतीने पुन्हा मांडा. आणि पावतीवर कराचा दर बघा. घरगुती एलपीजीवर ५ टक्के जीएसटी आहे, व्यावसायिकवर १८. तुम्हाला कोणत्या दराने गॅस येतो आणि का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

एक खुलासा सगळ्यांसाठी. बेस्यातले ८ घनमीटर आणि मनीषनगरचे ८ घनमीटर सारखे नाहीत. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये पाइपाच्या नैसर्गिक गॅसच्या अडीचपटीहून अधिक उष्णता असते. वरचा पाण्याचा प्रयोग गॅस बँकेच्या घरात केलात, तर दहा-बारा लिटरच यायला हवेत. २९ आले तर गडबड आहे.

बिलात एकाच गॅसचे दोन दर कसे? आणि व्हॅट आहे, जीएसटीही आहे. दोन्ही कर कसे लागतात?
— एक वाचक, धंतोली

देशातल्या जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या नैसर्गिक गॅसची मूळ किंमत एप्रिल २०२३ पासून दर महिन्याला जाहीर होते. त्यामुळे तुमच्या दोन महिन्यांच्या मध्येच दर बदलू शकतो. तेव्हा युनिटांची वाटणी दिवसांच्या प्रमाणात व्हायला हवी. तुमच्या बिलाचे दिवस ६०, वापर २४ आणि नवा दर ४१व्या दिवसापासून. म्हणजे जुन्या दराने १६ आणि नव्याने ८. बिलात मात्र १२ आणि १२ केलेत. दरातला फरक २ रुपयांचा, म्हणून नुकसान ८ रुपये. तरीही कळवा. यंत्रात चुकीची तारीख भरली असेल, तर ती त्या फेरीच्या सगळ्याच घरांना लागली असणार.

नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्के झाला. जीएसटी लागतो तो सेवांच्या आकारावर, गॅसच्या किमतीवर नाही. तुमच्या बिलात जीएसटीची रक्कम कोणत्या ओळीवर काढली आहे ते बोट ठेवून तपासा. अनामतीचा हप्ता बिलात येत असेल तर तो वेगळा दाखवलेला हवा. ती परत मिळणारी रक्कम आहे, तिच्या पावत्या जपून ठेवा.

तक्रारीला दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही.

आमच्याकडे साधं सिलिंडर आहे. आधी ४५ दिवस जायचं, आता ३२ दिवसांत संपतं. आम्हा म्हाताऱ्या माणसांकडे मीटर कुठला?
— एक वाचक, महाल

आजोबा, तुमचा मीटर म्हणजे वजनकाटा. सिलिंडरच्या गळ्यापाशी रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, समजा १५.९. त्यात १४.२ मिळवा, ३०.१ किलो भरायला हवं. सिलिंडर आणणाऱ्याकडे काटा असायला हवा. सील बघा आणि दारातच वजन करून मागा. लाजू नका. कमी भरलं तर घेऊ नका, पावतीवर वजन लिहून परत पाठवा. पावतीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त देण्याचीही गरज नाही, घरपोच आणण्याचा आकार त्यातच धरलेला असतो.

संपलेलं सिलिंडर परत करतानाही वजन करा. कोरलेल्या आकड्यापेक्षा किलोभर जास्त भरलं, तर आत गॅस शिल्लक आहे आणि रेग्युलेटर दाखवून घ्यायला हवा. दोन्ही वजनं बरोबर आली, तर रबरी नळी आणि बटणं तपासायला यंत्रज्ञ बोलवा. नळीला पाच वर्षं झाली असतील तर ती तशीही बदलायचीच आहे. वास आला तर दिवस-रात्र कधीही १९०६ वर फोन लावा.

पुढच्या दोन सिलिंडरची चारही वजनं आणि लावल्याची तारीख मला पोस्टकार्डावर कळवा. ३२ दिवस का होतात ते आपण मिळून शोधू.